ईदीचे मासे



ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या धाकट्याने ईदीचे सगळे पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि जाहीर केले की त्याला मासे पाळायचे आहेत. सासूबाई ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "पाळायचे? आणि मग कापायचे कधी?"

त्यांची काही चूक नाही. आपल्या पालघर तालुक्यात सातपाटीचा पापलेट उतरतो. त्याच पापलेटला २०२३ साली सरकारने महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर केले. इथे मासा म्हटला की कालवण नाहीतर तुकडी. काचेत ठेवून बघत बसण्याची चीज ती नव्हे. गंमत म्हणजे मुंबईकरांना काचेतले मासे बघायची सवय ज्या तारापोरवाला मत्स्यालयाने लावली, त्याचे नाव आपल्या तारापूरवरूनच आले आहे. ज्या पारशी घराण्याच्या देणगीतून ते उभे राहिले, त्यांचे आडनाव या गावाचे. १९५१ साली ते मरीन ड्राइव्हवर सुरू झाले. मी शाळेच्या सहलीत ते पाहिले होते. म्हणून लेकाला नाही म्हणणे मलाही जमले नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी एका दुकानातून आम्ही काचेचा गोल बाऊल, रंगीत खडे, दाण्यांची एक डबी आणि तीन लाल मासे आणले. मासे प्लॅटी जातीचे होते. दुकानदार म्हणाला, "रोज पाणी बदला, दोन वेळा दाणे टाका. नवशिक्यांचा मासा आहे, काही होत नाही." आम्ही रोज पाणी बदलले आणि दोन वेळा दाणे टाकले. खरे तर पाच वेळा, कारण येणारा-जाणारा चिमूटभर टाकत होता. चौथ्या दिवशी एक मासा वर तरंगत होता. सातव्या दिवशी तिसरा गेला.

धाकट्याने तो कागदात गुंडाळून कुंडीत पुरला. रात्री झोपताना त्याने विचारले, "अम्मी, मी मारले का त्यांना?"

मी पटकन "नाही रे" म्हणाले. नंतर वाटले, उत्तर इतके सोपे नव्हते.

त्या महिन्यात मी जे वाचले, विचारले आणि करून पाहिले, ते आज लिहिते आहे. ईदीचे पैसे हातात पडले की असे मासे आणखी कितीतरी घरांत येत असणार आणि आठवड्याने कुंडीत जात असणार.

आधी ते मेले कशाने, ते सांगते. मासा जिथे राहतो तिथेच त्याची घाण पडते. त्या घाणीतून आणि उरलेल्या दाण्यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी स्वच्छच दिसते. पण माशाचे कल्ले आतून भाजून निघतात. जुन्या, मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर सूक्ष्म जिवाणू वाढलेले असतात. ते अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात मासा सहन करतो आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की ते कमी होते. हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या तीन-चार लिटरच्या बाऊलमध्ये फिल्टर नव्हता, जिवाणू नव्हते आणि पाणी रोज नळाचे, क्लोरीनसकट. दुकानदाराचे "काही होत नाही" हे मासा विकला जाईपर्यंतच खरे होते.

जिवंत जनावर घरात ठेवावे का, हा प्रश्नही आमच्याकडे निघाला. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत त्या स्त्रीची हदीस आहे, जिने मांजरीला कोंडून ठेवले, खायला दिले नाही आणि सोडलेही नाही. त्यापायी तिला अजाब झाला. बाऊलमधला मासाही कोंडलेलाच असतो. त्याला काय हवे ते तो सांगू शकत नाही आणि उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही. पण दुसरी हदीसही आहे. हजरत अनस (र.) यांचा लहान भाऊ अबू उमैर याच्याकडे एक छोटा पक्षी होता. तो पक्षी मेला तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्या उदास पोराची आवर्जून चौकशी केली, पक्ष्याचे काय झाले म्हणून लाडाने विचारले. या हदीसवरून उलमांनी म्हटले आहे की नीट सांभाळणार असाल तर पक्षी पाळायला हरकत नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त लागली. पोराचे दुःख पक्ष्याएवढेच लहान होते, तरी ते दुःख म्हणून घेतले गेले.

सासूबाईंची शंका वेगळीच होती. टाकीचे पाणी कपड्यावर उडाले तर नमाज होईल का? इमामसाहेबांना विचारले तर ते हसले. म्हणाले, माशाने पाणी नापाक होत असते तर मुंबईच्या जामा मशिदीच्या हौजावर कोणी वजू केला असता? ते खरेच आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळची ती मशीद १८०२ साली पूर्ण झाली. ती जुन्या तलावावर उभी आहे आणि तिच्या हौजात मासे आणि कासवे आहेत. सासूबाई स्वतः तिथे गेलेल्या. एवढ्यावर त्यांचे समाधान झाले.

मग आम्ही दुसऱ्यांदा सुरुवात केली. या वेळी आधी टाकी, मासे मागाहून.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घेतली. हिच्यात साधारण पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावते. मोठी टाकी सांभाळायला अवघड वाटते, पण उलट आहे. पाणी जितके जास्त, तितके ते हळू बिघडते आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. पाणी, काच आणि खडी मिळून सत्तर किलोच्या आसपास वजन होते. म्हणून फ्रिजवर किंवा टीव्हीच्या डळमळीत कपाटावर टाकी ठेवू नका. खिडकीतही नको, उन्हाने पाणी तापते आणि काच हिरवी होते. वर झाकण हवे, कारण प्लॅटी उडी मारतो. स्पंज फिल्टर आणि तो चालवणारा एअर पंप हे दोन्ही स्वस्तात मिळते, आणि पिल्ले त्यात ओढली जात नाहीत.

टाकी भरून फिल्टर चालू केला आणि रोज चिमूटभर दाणे रिकाम्या पाण्यात टाकू लागलो. ते कुजतात, अमोनिया होतो आणि त्यावर जिवाणू पोसले जातात. पाच आठवडे हे चालले. सासूबाई शेजारणीला सांगत, "यांनी पाणी पाळलंय." ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मागून आणा, जिवाणू त्याच्याबरोबर येतात आणि काम लवकर होते. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे किट मोठ्या शहरातल्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळते. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार.

आता पाण्याविषयी. हा आपल्या भागाचा खास मुद्दा आहे.

प्लॅटी मूळचा मेक्सिकोपासून बेलीझपर्यंतच्या किनारपट्टीतला. त्याचे शास्त्रीय नाव झिफोफोरस मॅक्युलेटस. त्याला क्षार असलेले, जड पाणी मानवते. पीएच सात ते आठ असावा. म्हणजे ज्या बोअरवेलच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही म्हणून आपण कपाळाला हात लावतो, तेच पाणी प्लॅटीला आवडते. मात्र चिंचणी-तारापूरकडच्या काही विहिरींसारखे जिभेला खारट लागणारे पाणी असेल तर ते सरळ वापरू नका, गोड्या पाण्यात मिसळून घ्या. पुष्कळ घरांत आता आरओ मशीन आहे. आपण पितो तेच शुद्ध पाणी माशालाही द्यावे असे प्रेमाने वाटते, पण त्यातले क्षार निघून गेलेले असतात. नुसत्या आरओच्या पाण्यात प्लॅटी पर मिटून एका जागी थरथरत राहतो. नळाचे पाणी चालते. फक्त क्लोरीन काढायला हवे. बादलीत भरून चोवीस तास उघडे ठेवा किंवा दुकानातले क्लोरीन घालवणारे थेंब टाका. थेंबांवर माझा जास्त भरवसा आहे, कारण पाण्यात क्लोरामिन असेल तर ते नुसते ठेवून जात नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशभरातल्या औद्योगिक भागांच्या प्रदूषणाची मोजणी केली, तेव्हा तारापूरचा आकडा ९३.६९ आला. तो देशात सर्वांत वरचा होता. त्यामुळे औद्योगिक वसाहतीच्या कडेची विहीर, ओढा किंवा नाला इथले पाणी, वनस्पती, खडी टाकीत आणू नका. नाल्यातून काढलेले लाल बारीक किडे माशांना ताजे खाद्य म्हणून विकले जातात, तेही घेऊ नका. त्यांच्याबरोबर काय येईल याचा नेम नाही. मी हे लिहिताना मनात येते की माशासाठी मी जेवढी पाण्याची चौकशी केली, तेवढी मुलांसाठी कधी केली होती का? पण तो वेगळा लेख होईल.

हवेचेही तसेच. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. त्या खोलीत डासांचा फवारा मारला, अगरबत्ती पेटवली, जुम्याला लोबान फिरवला, की ते सगळे पाण्यात उतरते. आम्ही आता लोबान पुढच्या खोलीतच ठेवतो आणि टाकीची खोली त्या वेळी बंद असते. फवारा मारायचाच असेल तर पंप बंद करा, टाकीवर ओली चादर टाका आणि खोली मोकळी झाल्यावर पंप चालू करा. टाकीत हात घालण्याआधी साबण, अत्तर, हँड सॅनिटायझर धुऊन टाका.

तापमान वीस ते सव्वीस अंश असेल तर प्लॅटी खूश असतो. आपल्याकडे थंडीत हीटरची गरज सहसा पडत नाही. त्रास एप्रिल-मेमध्ये होतो, बंद घरात पाणी तीस-बत्तीसवर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. झाकण जाळीचे करा आणि टेबल फॅनचा झोत पाण्याच्या पृष्ठावर सोडा. पाणी उडून जाताना दोन-तीन अंश कमी होते. थेट बर्फ टाकू नका, एकदम गारठा त्यांना सोसत नाही.

आणि वीज. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आपल्या जिल्ह्यात कित्येक ठिकाणी वीज किती वेळ नव्हती, हे वाचकांना आठवत असेल. तेव्हा आमच्याकडे मासे नव्हते. आता बॅटरीवर चालणारा छोटा पंप कपाटात ठेवला आहे. तो नसेल तर दर अर्ध्या तासाने मगाने पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओता. वीज नसताना दाणे अजिबात टाकू नका. उपाशी मासा दोन-तीन दिवस सहज काढतो.

दाण्यांचे म्हणाल तर माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे असते, असे समजून चाला. दोन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. प्लॅटी शेवाळही खातो. आठवड्यातून एकदा सालीविना उकडलेला मटार चेचून किंवा पालकाचे पान वाफवून द्या. आणि एक दिवस काहीच देऊ नका. आमच्या धाकट्याने तो दिवस सोमवार ठरवला आहे, म्हणजे मासे सुन्नतचा रोजा ठेवतात. रमजानमध्ये मात्र सांभाळा. सेहरीला अचानक दिवा लागला की मासे बिचकतात आणि इफ्तारला भरल्या घरातला प्रत्येक पाहुणा चिमूट टाकतो. आम्ही डबीच लपवून ठेवली. टाकीचा दिवा रोज आठ तास, ठरल्या वेळी, एवढे पुरे.

आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे, सगळे कधीच नाही. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा, नाहीतर पाच आठवड्यांची मेहनत क्लोरीनमध्ये वाहून जाते. काढलेले पाणी फेकू नका. आमचा मोगरा आणि कढीपत्ता त्यावर जोमात आहे. आणि वजूच्या पाण्याचाही इसराफ नको म्हणणाऱ्या सासूबाईंना याचे विशेष समाधान आहे.

मासे किती आणि कोणते, हे घेण्याआधी ठरवा. इथे लोक फसतात. प्लॅटी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देतो. साधारण चार आठवड्यांनी एका मादीला वीस ते पन्नास, कधी त्याहून जास्त पिल्ले होतात. शिवाय एकदा नर भेटला की मादी त्याचे बीज महिनोन् महिने पोटात राखून ठेवते. दुकानात नर-माद्या एकत्रच असतात, म्हणून विकत आणलेली मादी बहुधा गाभणीच असते. तीन माद्यांची महिन्याला तीस-तीस पिल्ले धरा, म्हणजे नव्वद. तीन-चार महिन्यांत तीही वयात येतात. ज्यांना हा पसारा नको, त्यांनी फक्त नर घ्यावेत. नराचा खालचा पर काडीसारखा टोकदार असतो, मादीचा पंख्यासारखा पसरट. दोन्ही ठेवायचे तर एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर नर एकाच मादीच्या मागे लागून तिला दमवतो. आमच्या टाकीत दोन नर आणि पाच माद्या आहेत. पहिले चार एका आठवड्यात, उरलेले तीन पंधरा दिवसांनी आणले, म्हणजे जिवाणूंवर एकदम भार पडला नाही.

पिल्ले झाली त्या दिवशी घरात रडारड झाली, कारण मोठे मासे त्यांना खातात. आईसुद्धा. हे त्यांचे दुष्टपण नव्हे, तोंडात मावेल ते त्यांना खाद्यच वाटते. टाकीत हॉर्नवर्ट किंवा जावा मॉस दाट असेल तर काही पिल्ले लपून वाचतात. आम्ही तेवढेच केले, वेगळी टाकी केली नाही. सगळीच वाचवली असती तर ती ठेवायची कुठे? वाचलेल्यांना दाणे बोटाने चुरून भुकटी करून द्यायचे.

वाढलेली पिल्ले ओळखीच्यांना द्या, दुकानदार घेत असेल तर त्याला द्या. पण सूर्या नदीत, कालव्यात, गावच्या तळ्यात किंवा मशिदीच्या हौजात सोडू नका. "सोडून दिले, सवाब मिळेल" असे पुष्कळांना वाटते. बहुतेक मासे तिथे मरतात. जे तगतात ते आपल्या तळ्यातल्या देशी माशांचे खाद्य आणि जागा घेतात, वर रोगही देतात.

रोगांत नेहमी दिसणारा म्हणजे अंगावर साखर भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. तो परजीवी आहे. पाणी दोन दिवसांत हळूहळू तीस अंशांपर्यंत नेऊन, पंप जोरात ठेवून, दुकानातले पांढऱ्या ठिपक्यांचे औषध डबीवर लिहिलेल्या मापाने पूर्ण दिवस द्यायचे. ठिपके गेले म्हणून मध्येच थांबू नका. प्लॅटी थोडे मीठ सोसतो, पण आजार नसताना मीठ टाकत राहायची गरज नाही. नवे मासे आणले की पंधरा दिवस वेगळ्या भांड्यात, फिल्टर लावून ठेवले तर हा त्रास निम्म्याहून कमी होतो.

एक जाता जाता. हा एवढासा मासा फार मोठ्या कामाला आला आहे. प्लॅटी आणि त्याचा भाऊबंद स्वोर्डटेल यांचा संकर केला की काही पिल्लांच्या अंगावरच्या काळ्या ठिपक्यांतून कातडीचा कर्करोग उद्भवतो. अमेरिकेत मायरन गॉर्डन आणि जर्मनीत कुर्ट कॉसविग यांनी १९२०च्या दशकात हे दाखवले, आणि कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध शोधण्यात हे मासे प्रयोगशाळांत वापरले गेले. मोठ्या मुलाला हे सांगितले तेव्हा पहिल्यांदा त्याने मोबाइल खाली ठेवून टाकीकडे पाहिले.

धाकट्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर दिले. पाच आठवड्यांची रिकामी टाकी बघत आम्ही दोघे बसलो होतो. मी म्हणाले, "हो, आपण मारले. आपल्याला ठाऊक नव्हते, आणि विचारलेही नाही. मी मोठी होते, मी विचारायला हवे होते." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने वहीत तारखा आखल्या. पाणी कधी बदलले, अमोनिया किती, कोणी दाणे टाकले. ती वही अजून चालू आहे.

सासूबाई फजरनंतर तस्बीह घेऊन टाकीसमोरच बसतात. कालच त्यांनी फोनवर नणंदेला सांगितले की मधली, पिवळी, आठ-दहा दिवसांत बाळंत होईल. मी वहीत पाहिले. त्यांचा हिशेब बरोबर आहे.